लेकीच्या घरचं मीठ

आमच्या झाडीपट्टीत तांदळाला वय विचारतात. पाहुण्याला जसं 'गाव कोणतं', तसं तांदळाला 'कोणत्या सालचा'. नवा तांदूळ दिसायला देखणा, वासाला गोड, पण भात चिकट होतो आणि पोटाला जड पडतो. वर्षभर कोठीत पडला की त्याला शहाणपण येतं, मोकळा शिजतो. आणि त्याहून जुना झाला की तो आजाऱ्याचा. तापातून उठलेला, बाळंतीण, दात गेलेली म्हातारी माणसं यांच्यासाठी प्रत्येक घरात एका मडक्यात तो राखून ठेवलेला असतो. घरात कोणी आजारी पडू नये असं म्हणायचं आणि मडकंही भरून ठेवायचं, अशी आमची रीत.

यंदा मळणी झाल्यावर माझ्या भावाच्या मुलानं नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. सोबत एक छोटी थैली होती. "आत्या, थैलीत जुना आहे. तुमाले आता हाच खावा लागते," असं फोनवर म्हणाला. मी हसले, म्हटलं, झाले का मी मडक्यातल्या तांदळाच्या वयाची? फोन ठेवला, थैलीचं तोंड सोडलं आणि हात आत घातला. जुन्या तांदळाला एक थंड, कोंदट वास असतो. तो वास नाकात गेला आणि मी हात तसाच थैलीत ठेवून बसून राहिले. मायला न्यूमोनिया झाला तो हिवाळा त्या वासात आहे. दरवर्षी धान खळ्यावर आलं की तो माझ्याकडे येतो, मी बोलावलं नाही तरी.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बल्लारपुरात राहायचो. हे पेपर मिलमध्ये होते, पाळीप्रमाणे जायचे-यायचे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे अंगण आणि अंगणात नळ. माय सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी, माझ्या धाकट्या भावाकडे, मनोहरकडे असायची. सत्तरीला आली होती, पण धान निघायच्या दिवसांत ती घरात थांबेल तर शपथ. पहाटेच्या दवात खळ्यावर जाऊन बसायची. खळ्यावर म्हातारं माणूस बसलेलं असलं की राशीला बरकत येते, असं तीच सांगायची आणि बसायचीही तीच. त्या वर्षी थंडी तिच्या छातीत उतरली. आधी ओव्याचा शेक झाला, तुळशीचा काढा झाला. मग बोलताना शब्दागणिक दम लागायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा मनोहरनं कोणाची तरी जीप करून तिला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. नाकाला ऑक्सिजन लागला, हातात सुई गेली. आम्ही बहीणभाऊ पायऱ्यांवर बसून राहायचो. 

माय वाचली. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. तरुण होत्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या, बोलणं स्वच्छ. म्हणाल्या, "फुफ्फुसाचं काम आमचं झालं. आता पोटाचं काम तुमचं. या वयात आजार जाताना अंगातलं सगळं घेऊन जातो. खाल्लं नाही तर उठता येणार नाही, उठल्या नाहीत तर पुन्हा छाती भरेल." मग त्यांनी सांगितलं ते मला आजही पाठ आहे. एकदम ताटभर नको, थोडं थोडं पण दिवसभर. नेहमी बसवून भरवायचं, निजवून कधीच नाही, आणि जेवण झाल्यावरही काही वेळ बसवून ठेवायचं. पाण्यासारखं पातळ घशात ओतायचं नाही, ठसका लागला तर घास पुन्हा छातीत जाईल. भात मऊ करून त्यात डाळ घोटायची, वर तूप. दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट, केळं. नुसत्या पेजेवर ठेवायचं नाही. "पथ्य वगैरे काही नाही हं. खाणं हेच औषध," त्या म्हणाल्या. मी मान हलवत होते आणि मनात घरातले डबे मोजत होते. सगळं होतं माझ्याकडे.

गावी न्यायचा प्रश्नच नव्हता. तिथून दवाखाना लांब, आणि मनोहरचं धान कापून शेतात पडलेलं. म्हणून माय माझ्याकडे आली. माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि माय पहिल्यांदाच माझ्या घरी राहायला येत होती. मला काय आनंद झाला होता! आई मरणाच्या दारातून परत आली आहे आणि लेक पडवीत खाट कुठे टाकू, ऊन कुठे येईल याच्या आनंदात. माणसाला अक्कल नसते ती अशी.

पहिल्याच दुपारी मी मऊ भात, तुरीचं वरण, वर तूप असं वाटीत कालवून आणलं. मायनं वाटीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"तांदूळ मनोहरनं देल्ले का?"

"नाई माय. घरचे आहेत."

"मंग मले नाई भूक. तू जेव."

आमच्याकडे, म्हणजे तशी बऱ्याच ठिकाणी, रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. नातवंड झालं की ते घर आपलं, मग खुशाल जेवा. बहुतेकांची ही रीत वर्ष-दोन वर्षांत संपते, बारशाच्या जेवणावळीत कोणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्याकडे ती संपलीच नव्हती. बाबा माझ्या घरचा एकही घास न खाता गेले. माय वर्षातून एकदा-दोनदा यायची ती सकाळच्या एसटीनं. फडक्यात बांधलेली भाकर, जवसाची चटणी घेऊन. दुपारी पडवीत बसून फडकं सोडायची, खायची, हात झटकायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. ती फडक्याची गाठ सोडायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे. शेजारणी येता-जाता बघायच्या आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळायचं की या घरात पाळणा हललेला नाही. माय मनाची वाईट नव्हती. पण त्या फडक्याचा मला जन्मभर राग आला.

मला वाटलं होतं, मरता मरता वाचलेलं माणूस रीतभात विसरेल. ती ऑक्सिजनखाली तीन-चार दिवस स्वतःचं नाव विसरली होती. हे मात्र विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी मनोहरच्या घरून चंद्रपूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे डबा आला. हे स्टँडवरून घेऊन आले. त्यात जुने तांदूळ, तुरीची डाळ, तुपाची बाटली, कोंड्यात पुरलेली गावठी अंडी, आणि पुडीत बांधलेलं मीठ. मीठ मायनं सांगून मागवलं होतं. कारण तांदूळ भावाचे असले तरी मीठ माझं पडलं तर खाल्लं कोणाचं, असा तिचा हिशेब. मग बाकीचा न्यायनिवाडा झाला. पाणी? "पानी सरकारचं आहे, ते चालते." शिजवायचं भांडं? तिनं येताना जर्मनचा एक गंज आणि ताटली आणलीच होती. आणि गॅस? यावर ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "आग कोनाचीच नसते." मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवून आत गेले, आणि आत गेल्यावर रडले. आठ दिवसांपूर्वी जिला श्वास घेता येत नव्हता, ती बाई खाटेवर बसून आगीची मालकी ठरवत होती.

तर असं चाललं. डब्यातलं शिजवून मी भरवायची. तिची जीभ जड, तोंडाला चव नाही, दोन घास झाले की मान हलवायची. आजारानंतर अन्न मातीसारखं लागतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मला ताप आला, तेव्हा कळलं. जिभेवर ठेवलेली वस्तू गिळायची म्हणजे काय काम असतं ते कळलं. तेव्हा मात्र मला वाटायचं, ही हट्टानं खात नाही. त्यात डबा चार दिवसांनी येणार म्हणून ती स्वतःच अन्न पुरवायची. "येवढं नको काढू. उद्याले राहू दे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या थोडं थोडं दिवसभर. तिनं त्यातलं 'थोडं' तेवढं घेतलं.

दात आहेत तर चणे नाहीत, असं म्हणतात. आमच्या घरी चणेही होते आणि मायच्या तोंडात बरेच दातही शिल्लक होते. मध्ये फक्त एक रीत होती. शेल्फावर दूध तापवून ठेवलेलं, त्यावर जाड साय. डब्यात कूट, घडवंचीवर केळ्यांची फणी, आणि चार हातांवर खाटेवर माझी आई वाळत चाललेली. मी सायीकडे बघत बसायची. शेवटी दूध आम्हीच प्यायचो आणि ते गिळताना लाज वाटायची.

ह्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. तसे ते सासूशी फार बोलत नसत, तीही त्यांच्यासमोर पदर पुढे ओढून गप्प. पण त्या दिवशी खाटेजवळ उकिडवे बसून म्हणाले, "मामी, हे घर मी चालवतो. मी काही तुमची लेक नाई. माह्यं खा."

माय पदराआडून म्हणाली, "जावयाचं त त्याच्याऊन नाई."

हे उठले. मला म्हणाले, "वकील व्हाले पायजे होतं तुह्या मायनं."

शेजारी शमीमभाभी राहायची. नवऱ्याचं शिलाईचं दुकान, घरात चार मुलं, कडेवर पाचवं. तिला मी एकदा नळावर सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि थोड्या वेळानं वाटीत उकडलेलं अंडं घेऊन आली, वर चिमूटभर मीठ-मिरी. "खा लो ना बाई, मेरे घर का है," असं म्हणून खाटेवर बसली. मायनं अंडं घेतलं. खाल्लं. सगळं खाल्लं. मी दारात उभी. मला बघून म्हणाली, "इचं चालते. हे काई माही लेक होय?"

आमच्या गावात मायनं मुसलमानाच्या घरचं पाणी तरी घेतलं असतं का, मला शंका आहे. पण अडचण पडली की रीत कुठे वाकते आणि कुठे वाकत नाही, हे तिचं तिलाच ठाऊक. शमीमभाभी रोज येत राहिली. कधी अंडं, कधी मुलांसाठी केलेल्या खिरीतली वाटी. तिचं धाकटं मायच्या पायांवर चढायचं. माय एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं खायची, आणि त्या वेळी तिला भूक असायची. मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण शमीमभाभीनं रिकामी वाटी नळाखाली धुतली की तिचा आवाज माझ्या काळजात जायचा. माझ्या आईला जगवायला शेजारीण चालत होती, अनोळखी कंडक्टर चालत होता, आणि मी चालत नव्हते.

आता मी तिच्या वयाची झाले आहे. हे जाऊनही बरीच वर्षं झाली. भाचेसून बोलावते, मी जाते, वाढेल ते जेवते, डबा बांधून दिला तर तोही आणते. मला कोणाकडचंही चालतं. नाकारायला मला लेकीचं घरच नाही. असं कधी बोलून गेले की समोरची माणसं ओशाळतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते.

पुढच्या तपासणीला आम्ही ऑटो करून चंद्रपूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मायला काट्यावर उभं केलं, म्हणजे मी आणि नर्सनं दोन्हीकडून धरलं. त्यांनी काटा पाहिला, मायच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि मला बाहेर नेलं.

"काय खायला घालताय तुम्ही यांना?"

 काय सांगणार?

"घरी अडचण आहे का? स्पष्ट सांगा."

"अडचण नाही. तिला माझ्या घरचं चालत नाही."

त्या जवळ सरकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं लग्न जातीबाहेर झालंय का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. खरं कारण माझ्या तोंडून निघेना. तिथे बाकांवर दोन्हीकडे पोटुश्या बाया बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी उसासा टाकला. म्हणाल्या, "हे असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल. नाकातून नळी घालून पोटात अन्न द्यावं लागेल. आणि पुन्हा छातीत कफ झाला तर या वेळी मी काही सांगू शकत नाही." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑटोत मायचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्याला वजनच नव्हतं. मी तिला नळीचं सांगितलं. ती म्हणाली, "नळीत कोनाचं टाकतीन?" मी म्हटलं, "सरकारचं." ती हसली, मग खोकली, मग किती तरी वेळ तिचा श्वास जाग्यावर आला नाही.

त्याच आठवड्यात शमीमभाभी मुलांना घेऊन माहेरी अहेरीला गेली, भावाचं लग्न होतं. आणि आभाळ भरून आलं. पौषात कधी येऊ नये तसा पाऊस सिंदेवाहीकडे आला. डबा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि मनोहरला बोलावून आणायला सांगितलं. तो आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"बाई, सारं धान खळ्यावर आहे व. ताडपत्र्या पुरून नाई राह्यल्या. खालून पानी घुसून राह्यलं. मी कसा येऊ?"

"डबा तरी पाठव रे."

"गाडीच नाई आली आज इकडे. नाल्याले पानी आहे." मग म्हणाला, "तू खाऊ घाल ना तिले काई."

"माह्या हातचं खात नाई ती."

"मंग मी काय करू, सांग ना. काय करू मी?"

त्याचा आवाज फुटला. तिकडे त्याचं वर्षाचं पीक भिजत होतं, इकडे माझ्या घरी आई उपाशी होती, आणि मध्ये तारेवर आम्ही दोघं नुसते एकमेकांचा श्वास ऐकत होतो. मी फोन ठेवला. घरी आले तेव्हा माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी भात टाकला. वरण टाकलं. दुसरं काय करणार? शिजवणं एवढंच हातात होतं. मायपुढे वाटी नेली, तिनं डोळे न उघडता हात हलवला. मी वाटी परत आणली. त्या दिवशी मीही जेवले नाही. व्रत म्हणून नव्हे, घास जाईना म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोडं ऊन पडलं. मी आणि ह्यांनी माय बसलेली खाट धरून अंगणात आणली, मग हे कामावर गेले. दुपारी मी तिच्या पायाशी बसून पालक निवडत होते. ती उशांना टेकून बसली होती.  मग म्हणाली,

"बेबी, तुह्या भांगात पांढरं दिसून राह्यलं."

"दिसंन नाई त काय. वय झालं माय."

"किती झालं?"

मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी जुळवत राहिली. कोणत्या सालच्या पुरात मी पोटात होते, ते. जुळलं तेव्हा हात मांडीवर ठेवला.

"अन् पाळी?"

मी पालकाच्या जुडीतून मान वर केली नाही. "बंद झाली."

"कवा?"

"साल होऊन गेलं. मागच्या सालच्या दिवाळीपासून नाई आली."

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. गेली म्हणते. काई काई बायांची लवकर जाते."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"त्याच्यात काय सांगाचं होतं माय."

मला वाटलं ती काही म्हणेल. रडेल, देवाला बोल लावेल. ती दोरीवर वाळत टाकलेल्या ह्यांच्या सदऱ्याकडे बघत बसली. मी पालकाच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिले. 

"काय केलं तुमी आज?" तिनं विचारलं.

"कायचं?"

"जेवाले. काय शिजवलं?"

"वरण-भात. पालकाचं आता करीन."

"आण."

मला कळलं नाही. "मनोहरचे तांदूळ संपले माय. डबा नाई आला."

"तुह्या घरचं आण म्हणून राह्यली ना मी."

मी उठले.  दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, कारण न सांगता वाढणं मला जमेना, "मीठ टाकलं आहे त्याच्यात."

"टाकलंच असंन. बिनमिठाचं कोन खाते?"

मी आमच्या ताटात वाढलं. मऊ भात, घोटलेलं वरण, तूप वितळेपर्यंत थांबले. तिला आणखी ताठ बसवलं, पाठीशी गुडघा दिला. मी घास केला तर तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः कालवायला लागली.  पहिला घास तोंडात किती तरी वेळ घोळला. मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, मी पाठ धरली, ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा ताटात हात घातला.

"आता कसं काय चालते?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ती खाता खाता, सहज, एखाद्या लग्नाकार्याचं सांगावं तसं सांगायला लागली. "आपल्या नात्यातल्या एका बाईले उतारवयात पोरगा झाला होता. केस पिकले होते तिचे. म्हणून मी वाट पायली. खाल्लं असतं त देव म्हणला असता, बुढीनंच आस सोडली, मी कायले देऊ." एक घास घेतला. "तुह्या बापाचं लय मन होतं तुह्या हातचं खावाचं. एकडाव त बसलाच होता ताटावर, आठवते? मीच उठवलं. म्हटलं, राहा थोडं. होते."

मी वीस वर्षं ते फडकं माझ्यावरचा ठपका समजत होते. ती ते फडकं दरवेळी एसटीनं माझ्यासाठी घेऊन येत होती. बाबांना ताटावरून उठवून, स्वतःच्या फुफ्फुसात पाणी भरल्यावरसुद्धा, ती देवाच्या दारात धरणं धरून बसली होती. आणि मी तिला रोज विनवत होते की खा म्हणून.

माय आजारातून उठली. त्या दिवसापासून ती खात गेली. दूध, अंडी, केळं, मी देईन ते. संक्रांत गेली तेव्हा ती भिंत धरून नळापर्यंत जात होती. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर माय कितीतरी वर्षं जगली, दर हिवाळ्यात माझ्याकडे येऊन राहिली, रिकाम्या हातानं आली आणि माझ्या घरचं पोटभर जेवली. लोक म्हणाले, लेकीनं आईला मरणातून ओढून काढलं. मी काही बोलत नसे.

कारण त्या दुपारी मला ते ताट तिच्यापुढून ओढून घ्यावंसं वाटत होतं. खरं सांगते. ज्या घासासाठी मी महिनाभर तिच्या पाया पडत होते, तो ती खात होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं की माय, नको खाऊ, थांब, अजून थोडं थांब. जगात एकच माणूस उरलं होतं ज्याला वाटत होतं की मला मूल होईल. ते माणूस माझ्या डोळ्यांसमोर जेवत होतं. जेवली नाही तर आई जाणार आणि जेवली तर ते माणूस जाणार. मला काहीच धरून ठेवता येत नव्हतं. मी तिच्या पाठीला गुडघा देऊन बसले, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जेवताना ताठ बसवा.

मिलचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं हे आले. अंगणाच्या फाटकाशी सायकल लावली, एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच राहिली. त्यांनी मायला पाहिलं. आमचं ताट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही न बोलता त्यांना सगळं समजलं. दिवाळीपासूनचं त्यांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी कधी कोणाला सांगू शकले नाही.

हे आत गेले आणि वरणाचं पातेलं घेऊन बाहेर आले. खाटेशी उकिडवे बसले. आवाज नीट लागावा म्हणून आधी घसा खाकरला.

"मामी," ते म्हणाले, "वरण घ्या थोडं."

मायनं पदर पुढे ओढला नाही. कोणाकडे पाहिलंही नाही. तिनं ताट त्यांच्यापुढे केलं.